गाडी थांबली की वाचायचं

नववीत असताना, जुलैची सुट्टी लागायच्या आदल्या दिवशी, आमच्या इंग्रजीच्या मॅडमनी प्रत्येकाच्या बाकावर एकेक जाडजूड कादंबरी आणून ठेवली. सप्टेंबरात शाळा उघडली की प्रत्येकानं वर्गासमोर उभं राहून या पुस्तकावर दहा मिनिटं बोलायचं. हातात कागद नाही, फोन नाही. मागच्या बाकावरच्या एकानं टेबलाखाली फोन धरून तिथल्या तिथं पुस्तकाचा सारांश शोधला. मिळाला नाही. मग त्यानं एआयला विचारलं, तर त्यानं एक खून आणि एक हुशार कुत्रा असलेली भलतीच गोष्ट सांगितली. मॅडमना हे कळलं तेव्हा त्या मनापासून हसल्या. म्हणाल्या, "कुणी फारसं न वाचलेलं पुस्तक मी मुद्दामच शोधलंय."

मला वाचनाचं वावडं नव्हतं, पण आवडही नव्हती. इंग्रजी मी दिवसभर बोलायचे, मैत्रिणींशी, दुकानात, लिफ्टमध्ये, अगदी घरीसुद्धा. आईबाबा मराठीत विचारायचे आणि मी इंग्रजीत उत्तर द्यायचे. शारजात अल नहदाच्या आमच्या टॉवरमधल्या सगळ्याच घरांत असं चालायचं. पण बोलणं वेगळं आणि बारीक टायपातली चारशे पानं वाचणं वेगळं. मी पुस्तक बॅगेत टाकलं आणि ठरवलं, ऑगस्टच्या शेवटी बघू.

दर सुट्टीत आम्ही पुण्याला जायचो. त्या वर्षी मावशीचं बाळंतपण होतं, त्यामुळे आई तर सुट्टी लागायच्या आधीपासून दिवस मोजत होती. नेमका तेव्हाच माझा पासपोर्ट रिन्यूअलला दिलेला होता आणि फोटोत माझा एक कान केसांनी झाकला गेला म्हणून अर्ज परत आला. नवा फोटो, नवी अपॉइंटमेंट. शेवटी आई एकटी गेली. विमानतळावर तिनं मला जवळ घेतलं, डोळे पुसले आणि म्हणाली, "केस मागं बांधत जा म्हणून मी किती वेळा सांगितलं होतं."

मी दिवसभर घरी एकटी राहणं बाबांना पटेना. त्यांचं ऑफिस दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कमध्ये, म्हणजे दुबईच्या पार दुसऱ्या टोकाला. ॲल्युमिनियमच्या खिडक्या-दारं बनवणारी कंपनी. तिथं एक मीटिंग रूम बहुतेक वेळा रिकामी असायची. त्यांनी साहेबांना विचारलं, साहेब म्हणाले काही हरकत नाही, आणि मी सकाळी बाबांबरोबर ऑफिसला जायला लागले.

आमच्या गाडीत आणखी दोघं असायची. पुढच्या सीटवर चाचा. ते रत्नागिरीजवळच्या एका खाडीकाठच्या गावचे, बाबांच्या ऑफिसशेजारच्या गोदामात स्टोअर सांभाळायचे. उभी हयात आखातात गेली होती, गुडघे दुखायचे म्हणून पुढची सीट त्यांची. मागं माझ्या शेजारी एक ताई. ती पुण्याहून काही महिन्यांपूर्वीच आली होती आणि बाबांच्या कंपनीत कॉम्प्युटरवर खिडक्यांची ड्रॉइंग करायची. आमच्याच गल्लीत दोन मुलींबरोबर खोली घेऊन राहायची. सकाळी चौघं निघायचो, संध्याकाळी चौघं परतायचो, आणि दोन्ही वेळा हायवेवर तास-दीड तास सहज जायचा. शारजातून दुबईत शिरताना सकाळी गाड्यांची जी रांग लागते ती ज्यांनी पाहिली नाही त्यांना मी काय सांगू! आजूबाजूच्या गाड्यांतली माणसं दाढी करतात, नाश्ता करतात, एकदा तर एक बाई नेलपॉलिश वाळवत बसलेली मी पाहिली.

पहिल्याच आठवड्यात माझ्या फोनचा चार्जर ऑफिसात राहिला आणि परतीच्या वाटेवर फोन बंद पडला. करायला काहीच नाही म्हणून बॅगेतून पुस्तक काढलं. गाडी चालत होती तोवर दोन पानं वाचली आणि मळमळायला लागलं. पुढं गाड्या तुंबल्या, आमची गाडी उभी राहिली, तेव्हा बरं वाटलं. पुन्हा वाचलं. पुन्हा गाडी सुटली, पुन्हा तेच. मग माझं मीच ठरवलं, गाडी थांबली की वाचायचं, चालली की मिटायचं.

दोन-तीन दिवसांनी बाबांनी आरशातून पाहिलं. "काय आहे गं पुस्तकात?"

"नथिंग, बाबा. जस्ट टू सिस्टर्स."

"मग पुढं?"

"दे डोन्ट टॉक टू ईच अदर."

चाचा मागं वळले. "बाय, मराठीत सांग ना. इंग्रजी ऐकलं की मला ड्यूटी सुरू झाल्यासारखी वाटते."

ताई हसली. मीही हसले, आणि सांगायला गेले, तर पहिल्याच वाक्याला अडले. माझं मराठी 'जेवायला काय आहे' आणि 'एसी वाढव' एवढ्यावर भागत होतं. कादंबरी सांगायची म्हणजे केवढे शब्द लागतात! मी म्हणाले, "एका गावात दोन बहिणी असतात. मोठी आणि धाकटी. त्यांच्या घराला झाडांची कंपाउंड वॉल असते."

"झाडांची कंपाउंड वॉल?" बाबा म्हणाले.

"हेज, बाबा. झाडं लावून केलेली वॉल."

"वई म्हण की!" चाचा खूष झाले. "आमच्याकडं प्रत्येक घराला वई असते. तोडलेल्या काट्यांची पण करतात. हां, मग?"

मग मी सांगितलं. इंग्लंडमधलं लहानसं, सदा ढगाळ गाव. दोन बहिणी. धाकटी लग्न होऊन दूर गेलेली, नवरा वारल्यावर माहेरी परत आलेली. त्याच्या आधी, वडील गेले त्या दिवशी, तिला पोचायला उशीर झाला होता, आणि दारातच मोठी तिला एक वाक्य बोलली, "आता कशाला आलीस?" त्या दिवसापासून दोघी एकमेकींशी बोलत नाहीत. घर एकच. मोठी वर राहते, धाकटी खाली.

"अबोला," ताई म्हणाली.

"म्हणजे?"

"अगं, न बोलणं. पण नुसतं गप्प बसणं नव्हे. ठरवून, रागावून, आपल्याच माणसाशी बोलायचं बंद करणं. अबोला धरला म्हणतात."

मला तो शब्द फार आवडला. मॅडमनी दिलेल्या चारशे पानांत जे चाललं होतं ते आमच्याकडं तीन अक्षरांत मावत होतं. मी तो दोन-तीनदा मनातल्या मनात म्हणून पाहिला.

चाचांचा पहिला प्रश्न मात्र वेगळाच होता. "घर कोणाच्या नावावर?"

"ते नाही दिलंय."

"असं कसं नाही दिलंय? दोघी एका घरात राहतात, बाप मेलेला. घर कोणाच्या तरी नावावर असणारच. बघ नीट."

मी मनात म्हटलं, कादंबरी म्हणजे काय सात-बाराचा उतारा आहे का. पण दुसऱ्या दिवशी मीटिंग रूममध्ये बसून मागची पानं चाळली. पहिली साठेक पानं मी भराभर उलटली होती, कारण त्यात नुसतं वर्णन होतं, पडदे, धुकं, चर्चची घंटा. त्यातच एका वाक्यात सापडलं. वडिलांनी घर दोघींच्या नावानं ठेवलं होतं आणि एकीला विकायचं तर दुसरीची सही लागणार होती. आणि सही मागायची तर बोलावं लागणार होतं! मी एकटीच मोठ्यानं हसले. काचेपलीकडून बाबांनी मान वर करून पाहिलं.

संध्याकाळी ते सांगितलं तेव्हा चाचांनी डॅशबोर्डवर हात आपटला. "बघ! म्हणून दोघी तिथंच राहिल्या. बाप हुशार होता."

त्यानंतर मला पानं गाळून वाचायची सोयच उरली नाही. तिघं काय विचारतील याचा नेम नसायचा. बाबा विचारायचे, त्यांचा खर्च कसा चालतो. ताईला हवं असायचं, दिसायला कशा आहेत, आणि धाकटीचा नवरा कसा होता, चांगला होता ना? चाचांना जेवणाचं फार. "एकच स्वयंपाकघर, मग रांधतात कधी?" ते पुस्तकात होतं. धाकटी चर्चला गेली की मोठी खाली उतरायची, आपलं शिजवून वर घेऊन जायची, आणि भांडी इतकी स्वच्छ घासून ठेवायची की जणू कुणी आलंच नव्हतं. बेत सांगितला, उकडलेले बटाटे आणि मटण, तर चाचा हळहळले. "मसाला नाही, काही नाही. मग माणूस चिडचिड करणार नाही तर काय?"

एक गोष्ट मी अगदी सहज, जाता जाता सांगितली होती. रोज सकाळी वर मोठी उठली की एक बूट दणकन जमिनीवर टाकायची. खाली धाकटी केरसुणीचा दांडा घेऊन छताला एकदा ठोकायची. मला वाटलं होतं, एकमेकींना त्रास द्यायला करतात.

समोरचा सिग्नल सुटला, बाबांनी गाडी काढली. मग चाचा म्हणाले, "म्हणजे बोलतायत की त्या."

"नाही, चाचा, अबोला आहे ना."

"अगो, वरची सांगते मी उठलंय. खालची सांगते ऐकलं. रोजच्या रोज. आणखी बोलायचं ते काय असतं?"

ताईनं माझ्याकडं पाहिलं. मी पुस्तक उघडून ते पान काढलं. लेखिकेनं कुठंच असं म्हटलं नव्हतं, पण चाचांनी म्हटल्यावर ते तिथंच असल्यासारखं दिसायला लागलं. पुस्तकात न लिहिलेलंही वाचायचं असतं हे मॅडम वर्षभर सांगत होत्या, 'बिट्वीन द लाइन्स' वगैरे. मला वाटायचं, परीक्षेसाठी काढलेली युक्ती आहे.

ऑगस्टात चाचांची सुट्टी सुरू झाली. त्यांचं गावी जायचं तिकीट आधीच काढलेलं होतं. पुस्तकाची शंभरेक पानं उरली होती, मोठी आजारी पडली होती, आणि बाहेर बर्फ पडत होता. जायच्या आदल्या संध्याकाळी गाडीतून उतरताना चाचा दार धरून उभे राहिले.

"मग माझं काय?"

"तुम्ही आल्यावर सांगते ना."

"आल्यावर? तोवर तिचं काय होईल? नाही, नाही. तू मला व्हॉइस नोट पाठव. रोज. इन्शाल्ला तिकडं रेंज असेल."

मी हो म्हटलं. ऑफिसच्या मीटिंग रूममध्ये दार लावून मी फोनवर मराठीत कादंबरी सांगायला लागले. पहिली नोट इतकी अडखळत झाली की पुसून पुन्हा केली. शब्द आठवेना की ताईच्या टेबलापाशी जाऊन विचारून यायचे. 'श्रग'ला काय म्हणतात? खांदे उडवले. 'ग्रज'ला? डूख धरला, किंवा अढी. "अढी जास्त बरं," ताई म्हणायची, "त्यांची काही दुश्मनी नाहीये." आणि पुन्हा तिच्या खिडक्यांच्या ड्रॉइंगकडं वळायची.

दुसऱ्या की तिसऱ्या दिवशी उत्तर आलं ते चाचांचं नव्हतं. अनोळखी बाईचा खणखणीत आवाज, मागं कोंबड्यांचा कलकलाट. "सलाम, बाय. मी चाची बोलते. तू सांगते ते आम्ही सगळे ऐकतो, माझी नणंद पण येते. पण ती धाकटी वर का नाही जात? बहीण तापानं फणफणली आणि ही खाली बसून विणते? जरा सांग तिला."

मी ती नोट गाडीत लावली तेव्हा बाबांना गाडी चालवता येईना, इतके हसले. "सांग तिला," ते पुन्हा पुन्हा म्हणत होते. "तू लेखिकेला ईमेल कर."

चाचींच्या नोट्स मग रोज यायला लागल्या. त्यांच्याकडं दुपारी जेवणं झाली की फोन मध्ये ठेवून सगळे ऐकायचे. नणंदबाई मोठीच्या बाजूच्या, चाची धाकटीच्या बाजूच्या, पण तिच्यावर रागावलेल्या. एकदा दोघींचं त्यावरून वाजलं आणि नोटमध्ये मागून नणंदबाईंचा आवाज आला, "मी जाते माझ्या घरी!" दुसऱ्या दिवशी त्या परत आल्या होत्या, कारण पुढं काय झालं ते ऐकायचं होतं.

मग मी शेवटाला पोचले. एका सकाळी वरून बुटाचा आवाज येत नाही. धाकटी केरसुणी हातात घेऊन छताकडं बघत उभी राहते. बराच वेळ. मग चुलीवर किटली ठेवते, ट्रे काढते, त्यावर कप ठेवते आणि जिना चढायला लागते. संपलं. पुस्तक तिथंच संपलं. मी शेवटचं पान उलटून पाहिलं, मागं कोरा कागद.

मला फार वाईट वाटलं, आणि थोडा रागही आला. इतकं सगळं वाचायचं आणि शेवटी मोठी मरून जाते, तेही धड न सांगता! मी नोट केली. "मोठी गेली. धाकटी वर जाते, पण उशीर झालेला असतो. पुन्हा उशीरच. खलास."

अर्ध्या तासात फोन वाजला. नोट नाही, थेट फोन. चाची.

"मेली? कोण म्हणालं मेली?"

"चाची, आवाज नाही आला ना बुटाचा."

"आजारी माणूस बूट टाकतं काय? लिहिलंय का तिथं मेली म्हणून?"

"लिहिलं नाही, पण..."

"मग तू कशाला मारतेस तिला? नीट वाच." आणि फोन बंद.

त्या संध्याकाळी हायवेवर पुढं कुठंतरी अपघात झाला होता. गाड्या जागच्या हलत नव्हत्या. ताई म्हणाली, "काढ बघू ते पान. मोठ्यानं वाच." मी वाचायला लागले. दर वाक्याला ती थांबवायची आणि आम्ही ते मराठीत करून बघायचो. किटली ठेवली. ट्रे काढला. त्यावर आपला कप ठेवला. 'आणि मग दुसरा कप.'

"दुसरा?" बाबा म्हणाले. "दुसरा कप कशाला, वरची गेली असेल असं वाटत असेल तर?"

मी ते वाक्य आधी वाचलं होतं. कपानंतर कप, एवढंच वाटलं होतं. पुढं वाचलं. जिन्याची पायरी तिच्या पायाखाली करकरली. आणि शेवटचं वाक्य: 'वर कुठंतरी पलंगानं उत्तर दिलं.'

ते मी सरळ सोडून दिलं होतं. वाटलं, काव्य आहे, शेवटी लेखक लिहितात तसलं काहीतरी.

मग ताई हळू म्हणाली, "अगं, पलंग करकरला. कुणीतरी कुशीवर वळलं."

"जिवंत आहे!" मी ओरडले.

बाबांनी आनंदानं हॉर्नच वाजवला, चांगला लांबलचक. पुढच्या पिकअपमधल्या माणसानं खिडकीतून हात बाहेर काढून 'आता मी काय करू?' असा फिरवला. बाबांनी काच खाली करून हात जोडले. "सॉरी, हबीबी! घरात खुशखबर आहे!" त्यानं हसून अंगठा दाखवला. त्याला बहुतेक वाटलं असेल, बाळ झालं. बाळ तर पुण्याला मावशीला त्याच्या आदल्याच आठवड्यात झालं होतं, पण खरं सांगते, तेव्हा आम्ही एवढा आरडाओरडा केला नव्हता.

मी तिथूनच चाचींना फोन लावला. पलीकडं आधी नणंदबाईंचा हुंदका, मग चाचींचा आवाज, "मी म्हणत नव्हते? आता दोघी चहा पितील. जा, देव तुझं भलं करो."

सप्टेंबरात शाळा उघडली. वर्गात बरेच जण पहिली वीस पानं आणि शेवटची दोन वाचून आले होते, आणि त्यातल्या बहुतेकांनी मोठीला मारून टाकलं होतं. माझी पाळी आली. मी गाडीतल्यासारखंच सांगायला सुरुवात केली, म्हणजे इंग्रजीत, पण चाचांना सांगत असल्यासारखं. घर कुणाच्या नावावर, जेवतात काय, बूट आणि केरसुणी. शेवटी मी फळ्यावर मराठीत 'अबोला' लिहिलं आणि सांगितलं की या पुस्तकाला आमच्या भाषेत एक शब्द आहे. एक लखनौचा मुलगा म्हणाला, आमच्या घरी याला 'बोलचाल बंद' म्हणतात आणि सध्या काका-काकूंची चालू आहे. मॅडम केरळच्या. त्या म्हणाल्या, "आमच्याकडं पिणक्कम." मग हात वर व्हायला लागले, ज्याला त्याला आपल्या घरातलं कुणीतरी आठवलं, आणि तास संपल्याची घंटा झाली तरी कुणी उठेना.

मॅडमनी माझे दोन मार्क कापले. वेळेपेक्षा जास्त बोलले म्हणून. मला मुळीच वाईट वाटलं नाही, उलट तो मार्कांचा कागद मी बाबांना आणि ताईला दाखवत फिरले.

आई परत आली तेव्हा विमानतळापासून घरापर्यंत मीच बोलत होते, आणि ती माझ्याकडं टक लावून बघत होती. शेवटी बाबांना म्हणाली, "हिनं अजून एकदाही इंग्रजीत उत्तर दिलं नाही. बरी आहे ना?"

डिसेंबरात चाची व्हिजिट व्हिसावर आल्या. पहिल्याच शुक्रवारी चाचांबरोबर आमच्या घरी आल्या, डब्यात घावन आणि नारळाचं गोड घेऊन. मी त्यांना पहिल्यांदाच पाहत होते. आवाज ऐकून मला वाटलं होतं, उंच, धिप्पाड बाई असतील. निघाल्या लहानखुऱ्या, माझ्या खांद्याएवढ्या. सोफ्यावर बसल्या, पाणी प्यायल्या, आणि माझा हात हातात घेतला. मी लाजून विचारलं, "चाची, प्रवास कसा झाला?"

"प्रवास ठीक झाला," त्या म्हणाल्या. "मला एक सांग बाय, त्या दोघी आता काय करत असतील?"

"चाची, त्या पुस्तकात आहेत ना."

"ते मला माहीत आहे गो. पण आता तिकडं बर्फ पडला असेल."

मी क्षणभर विचार केला. मग म्हणाले, "एकाच खोलीत शेकोटी पेटवली असेल. खालच्या."

चाचींनी मान डोलावली, आणि आईनं चहाचं आधण ठेवलं.